सोलरच्या फुटक्या प्लेटा, वाफ्यातली राख आणि परसातला मुळा

पलूस तालुक्यातील एका वाचक भगिनीने पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

«आमच्या विहिरीवर सोलरचा पंप आहे. चार वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात चार प्लेटा उडून बांधावर पडल्या आणि फुटल्या. भंगारवाला ॲल्युमिनियमच्या चौकटी काढून घेऊन गेला, काचा मात्र तिथेच राहिल्या. त्याच्याबरोबरच्या पोराने पंपाची जुनी केबल जाळून तांबे काढले आणि राहिलेली राख सासूबाईंनी मेथी-मुळ्याच्या वाफ्यात टाकली. यंदा रोटर मारताना काचांचे तुकडेही वाफ्यात आले. शेजारच्या सऱ्यांत हळद आहे, म्हैस त्याच बांधावर चरते आणि आमचा चार वर्षांचा मुलगा निळे तुकडे गोळा करून खेळतो. दीर म्हणतात, सोलरमध्ये विष असते, सगळी माती काढून टाका. हे म्हणतात, काच ती काच, तिने काय होणार आहे? मोहरी पेरा, ती विष ओढून घेते, असेही एकाने सांगितले. आम्ही भाजी खावी का? हळद विकावी का?»

ताई, सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी देतो, कारणे मागाहून सांगतो. ज्या वाफ्यात राख पडली आहे त्यातली मेथी आणि मुळा मातीच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत घरात खाऊ नका आणि म्हशीलाही घालू नका. हळद विकायला मला हरकत दिसत नाही, मात्र बांधालगतच्या दोन सऱ्यांतले कंद काढणीच्या वेळी वेगळे ठेवा. सगळी माती काढून टाकण्याची तर मुळीच गरज नाही. आपल्या पत्रात प्लेटांविषयी पुष्कळ लिहिले आहे आणि राखेविषयी एकच वाक्य आहे, पण पत्र वाचताना मी थांबलो तो त्या एका वाक्यापाशी.

प्रथम प्लेटांविषयी. हातमोजे घालून एक तुकडा उचला आणि उन्हात धरून पाहा. काचेखाली निळे किंवा काळपट चौकोन दिसतील आणि त्यांच्यावरून गेलेल्या रुपेरी पट्ट्या दिसतील. मागची बाजू पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पडद्याची असेल. अशी प्लेट सिलिकॉनची असते आणि आपल्याकडे शेतीपंपांवर बसतात त्या सहसा याच जातीच्या. तिच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निव्वळ काच असतो. बाकी ॲल्युमिनियमची चौकट, प्लॅस्टिकचे थर, थोडे सिलिकॉन, थोडे तांबे आणि नावापुरती चांदी. काळजीचा धातू त्या रुपेरी पट्टीवर बसलेला आहे. पट्टी आतून तांब्याची असते आणि तिच्यावर कथील व शिसे यांचा मुलामा असतो, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर डाग द्यायला जी तार वापरतो तोच मिश्रधातू. एका प्लेटेत असे शिसे साधारण दहा ते पंधरा ग्रॅम भरते. तुकडा दोन्ही बाजूंनी काचेचा असेल, त्यात चौकोन नसतील आणि सगळा पृष्ठभाग एकसारखा काळा असून त्यावर केसासारख्या बारीक समांतर रेषा असतील, तर ती पातळ थराची प्लेट असू शकते. तिच्या एका जातीत कॅडमियम असते आणि मग माझा सल्ला अधिक कडक होईल. आपण निळे तुकडे म्हणता, त्यावरून आपल्या प्लेटा सिलिकॉनच्याच आहेत असे मी धरून चालतो.

आता हिशेब करू. चार प्लेटांतले शिसे 50 ग्रॅम धरा. ते सगळेच्या सगळे सुटे होऊन एक गुंठा जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीत सारखे मिसळले अशी कल्पना करा. एवढ्या मातीचे वजन सुमारे 20 टन भरते, म्हणजे किलोमागे अडीच मिलिग्रॅम शिश्याची भर पडली. कोणत्याही चांगल्या जमिनीत किलोमागे दहा ते पन्नास मिलिग्रॅम शिसे मुळातच असते, त्यामुळे ही भर अहवालात दिसणारही नाही. पण तेच 50 ग्रॅम जर दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद ढिगाऱ्याखाली राहिले, तर तिथली माती सुमारे 400 किलो असल्याने भर 125 मिलिग्रॅमवर जाते. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने घराभोवतीच्या मातीतील शिश्याची सावधगिरीची पातळी 2024 मध्ये 400 वरून 200 मिलिग्रॅमवर आणली. आपल्या दिरांचे म्हणणे गुंठ्याच्या मापाने टिकत नाही आणि आपल्या यजमानांचे म्हणणे ढिगाऱ्याच्या मापाने टिकत नाही. प्रश्न त्या दोन-चार वाफ्यांइतक्या जागेचा आहे.

शिवाय चार वर्षांत ते सगळे शिसे बाहेर आलेले नसणार. पट्टी काचेच्या आणि चिकट प्लॅस्टिकच्या थरात बंद असते, आणि फुटलेल्या कडेतून पाणी आत शिरेल तेवढाच भाग हळूहळू झिजतो. हे झिजणे आम्ल पाण्यात वेगाने होते. आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा) बहुधा साडेसात ते साडेआठ असतो आणि तिच्यात चुनखडीही असते. अशा जमिनीत सुटे झालेले शिसे चुन्याशी, स्फुरदाशी (फॉस्फरसशी) आणि चिकणमातीच्या कणांशी बांधले जाते आणि पाण्यात फारसे उतरत नाही. हीच प्लेट पाटण, जावळी किंवा महाबळेश्वर भागातल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीवर पडली असती, तर तिथे धातू अधिक मोकळे राहिले असते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या वाचकांनी माझे आकडे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

रोटर मारल्याने मात्र नुकसान झाले आहे. मोठा तुकडा वेचता येतो, पण त्याचा चुरा झाला की तो वेचता येत नाही आणि पाण्याला त्याच्या कडा अधिक मिळतात. वेचणी पूर्ण होईपर्यंत त्या जागेवर पुन्हा रोटर किंवा नांगर घालू नका.

पिकात हे धातू शिरतात कसे, ते पाहण्यासाठी मेथीचे एक रोप अलगद उपटा. मुळाच्या टोकामागे पांढरी लव दिसेल आणि झटकूनही न पडणारी माती तिला बिलगलेली दिसेल. धातू पिकात जायचे की नाही याचा निर्णय या लवेच्या आसपास, मातीच्या कणांभोवती असलेल्या पाण्याच्या पातळ थरात होतो, कारण त्या पाण्यात जे विरघळले आहे तेवढेच मुळाला घेता येते. गंमत अशी की मूळ नुसते वाट पाहत बसत नाही. जमिनीत लोह कमी पडले की मूळ स्वतः आम्ल सोडून ते विरघळवते आणि लोहासाठी मुळाच्या सालीवर असलेले दरवाजे वाढवते. या दरवाजांना लोह आणि कॅडमियम यांतला फरक नीट कळत नाही. जस्त आणि मँगनीज यांच्या दरवाजांचीही तीच गत आहे. त्यामुळे ज्या जमिनीत लोह आणि जस्त कमी, तिथले पीक मातीत असलेले कॅडमियम अधिक उचलते, आणि चुनखडीच्या जमिनींत ही दोन्ही सूक्ष्म अन्नद्रव्ये पिकाला नेहमीच कमी मिळतात. उसाला जादा पाणी देऊन ज्या रानांत क्षार वर आले आहेत, तिथे आणखी एक गोष्ट घडते: पाण्यातला क्लोराइड कॅडमियमला धरून त्याला विरघळलेल्या अवस्थेत ठेवतो आणि मुळापर्यंत पोहोचवतो. सुपर फॉस्फेटसारख्या खतांतूनही थोडे कॅडमियम शेतात येत असल्याने, सोलरची प्लेट कधी न पाहिलेल्या क्षारपड रानालाही हे लागू आहे.

शिश्याची चाल निराळी आहे. ते मुळाच्या पेशींच्या भिंतींना चिकटते, आणि त्यातूनही जे आत सरकते त्याला मुळाच्या गाभ्याभोवतीचा मेणचट पट्टा अडवतो, म्हणून शिसे मुळातच साचते आणि खोडात, पानांत, फळांत फार थोडे चढते. यावरून आपल्याला भाजीगणिक धोका सांगता येतो. मुळा आणि गाजर ही स्वतःच मुळे असल्याने शिसे त्यांच्या सालीत आणि सालीलगत राहते. पालक, मेथी, राजगिरा या भाज्यांत मुळावाटे शिसे कमी चढते, पण त्या जमिनीलगत वाढतात आणि पाण्याच्या थेंबांनी उडालेली माती पानांवर बसते. पालेभाजीतले बरेचसे शिसे असे बाहेरून आलेले असते. कॅडमियम मात्र पानांत सहज चढते आणि धुऊन जात नाही. वांगी, टोमॅटो, मिरची, दोडका, घेवडा यांच्या फळांत दोन्ही धातू सर्वांत कमी पोहोचतात.

हळद हा कंद आहे, म्हणजे जमिनीखाली वाढणारे खोड. मातीचा संबंध तिच्या सालीशी येतो, आणि आपण ती शिजवून, वाळवून पॉलिश करतो तेव्हा सालीचा वरचा थर निघून जातो. हळदीत शिसे सापडल्याच्या बातम्या आपण ऐकल्या असतील. बांगलादेशात 2019 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ते शिसे हळकुंडाला तजेलदार पिवळा रंग यावा म्हणून चोळलेल्या लेड क्रोमेट या शिसेयुक्त रंगद्रव्यातून आल्याचे दिसले होते. त्याचा आपल्या बांधाशी काही संबंध नाही. तरीही दोन सऱ्यांतला माल वेगळा ठेवा म्हणतो, कारण सांगलीच्या बाजारात हळद पोत्याने मिसळली जाते आणि एकदा मिसळल्यावर कोणते कंद कुठले, हे शोधता येत नाही.

आता त्या राखेकडे येतो. विजेच्या केबलचे वेष्टण बहुधा पीव्हीसीचे असते, आणि ते उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात वर्षानुवर्षे शिश्याची संयुगे मिसळली जात. केबल जाळली की प्लॅस्टिक निघून जाते आणि शिसे राखेत उरते, तेही बारीक भुकटीच्या रूपात. प्लेटेतले शिसे काचेत बंद होते. राखेतले शिसे उघडे आहे, मुळाच्या लवेला ते लगेच भेटते आणि वाऱ्याने भाजीच्या पानावरही बसते. सासूबाईंनी चुलीची राख जशी वाफ्यात टाकतात तशी ही टाकली, त्यांचा काही दोष नाही, पण चुलीच्या राखेत पालाश (पोटॅश) असतो आणि या राखेत बहुधा शिसे व तांब्याचे कण आहेत. केबलच्या धुरात डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्येही तयार होतात. ती गवतावर आणि मातीवर बसतात आणि गवताबरोबर जनावराच्या पोटात गेली तर दुधाच्या स्निग्धांशात उतरतात. जनावरांना जळक्या जागेची राख चाटण्याची सवय असते आणि शिश्याची विषबाधा गाई-म्हशींत नवी नाही. म्हणून त्या जळक्या डागावर म्हैस बांधू नका आणि तिथले गवत कापून घालू नका.

तपासणी करताना एकच नमुना पाठवून फसगत होते. तीन नमुने घ्या: राखेच्या वाफ्याचा, प्लेटांच्या ढिगाऱ्याखालचा आणि तिथून शंभर पावलांवरच्या, वरच्या अंगाच्या स्वच्छ रानाचा. तिसरा नमुना नसेल तर पहिल्या दोहोंतले आकडे कशाशी ताडायचे, हेच कळत नाही. आपल्या भागात द्राक्षबागा आहेत. जिथे मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारले गेले तिथल्या मातीत मोरचुदाचे तांबे साचलेले असते, आणि ते पाहून प्लेटांवर आळ येतो. प्रत्येक जागेत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या बाजूची माती लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या साधनाने खरवडा, कारण जस्ताचा मुलामा असलेली बादली आणि गंजके खुरपे नमुना बिघडवतात. ती माती एकत्र करून सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, असे करत अर्धा किलो उरवा. त्यात काचेचा तुकडा किंवा पट्टी राहू देऊ नका. एकाच पट्टीने सगळा आकडा फुगतो. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, अन्नद्रव्ये आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये पाहतात, शिसे पाहत नाहीत. म्हणून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत एकूण शिसे, एकूण कॅडमियम आणि सामू असे स्पष्ट लिहून नमुने द्या. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राचे काम हळदीवर आणि क्षारपड जमिनींवर आहे, तेव्हा अहवाल घेऊन तिथल्या शास्त्रज्ञांशी बोलावे.

आकडा कसा वाचायचा, यासाठी माझा व्यवहारी निकष असा आहे. शिसे किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आत असेल, तर भाजी वाहत्या पाण्यात दोनदा धुऊन आणि मुळा सोलून खायला हरकत नाही. शंभर ते दोनशेच्या दरम्यान असेल, तर तिथे पालेभाजी आणि कंदभाजी बंद करून वांगी-मिरचीसारखी फळभाजी लावावी. त्यावर असेल, तर त्या वाफ्याची वीतभर माती काढावी. वाफा तीन-चार मीटरचा असेल तर हे दोन माणसांचे एका दिवसाचे काम आहे. काढलेली माती उकिरड्यावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. पोत्यांत भरून, ताडपत्रीखाली, पाणी न साचणाऱ्या जागी ठेवा आणि तिचे पुढे काय करायचे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्यातील कार्यालयाला विचारा. रिकाम्या जागी स्वच्छ रानाची माती आणि मुरलेले शेणखत भरा, कारण सेंद्रिय पदार्थ उरलेसुरले धातू धरून ठेवतो. जमीन चुनखडीची असल्याने चुना टाकण्याचे कारण नाही. उलट सामू उतरवण्यासाठी गंधक टाकण्याचा विचार असेल तर तो या जागेपुरता सोडा. चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्येही इथे मुळाशी देऊ नका, कारण त्यांत अन्नद्रव्याला धरून ठेवणारे ईडीटीए हे रसायन असते आणि ते शिश्यालाही धरून पाण्यात उतरवतो आणि पिकाच्या पानांपर्यंत चढवतो. प्रयोगांत मोहरीकडून शिसे उचलून घेण्यासाठी मुद्दाम हेच रसायन मातीत घालतात.

मोहरीचा सल्ला कुठून आला असेल, हे यावरून आपल्या लक्षात येईल. मोहरी धातू उचलते ही गोष्ट खरी आहे, सूर्यफूलही उचलते. पण रसायन न घालता ती शिसे इतके थोडे नेते की जमीन स्वच्छ व्हायला कित्येक दशके लागतील, आणि रसायन घातले तर सुटे झालेले शिसे पाण्याबरोबर खाली विहिरीकडे जाण्याची भीती असते. शिवाय उगवलेली मोहरी कापून काय करायची? तिचा पाला भाजीला नको, म्हशीला नको, जाळायला नको, खतालाही नको. वाफ्याएवढ्या जागेसाठी फावडे हाच चांगला उपाय आहे.

मुलाविषयी मी शेवटी लिहितो आहे, पण काम सर्वांत आधी त्याचे करा. लहान मुलाच्या अंगात शिसे भाजीतून जाते त्याहून अधिक मातीने माखलेल्या हातातून जाते, आणि ते वाढत्या मेंदूला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिश्याची पूर्णपणे सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. ते निळे तुकडे आज काढून घ्या आणि हात धुतल्याशिवाय त्याला जेवायला बसवू नका. बालरोगतज्ज्ञांना सगळी हकिकत सांगून रक्तातील शिश्याची तपासणी करून घ्या. अमेरिकेत 2021 पासून डेसिलिटरमागे साडेतीन मायक्रोग्रॅम या आकड्यापुढे डॉक्टर लक्ष घालतात. मुळाच्या दरवाजांची जी गोष्ट वर सांगितली, तशीच मुलाच्या आतड्याचीही आहे: शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असले की शिसे अधिक शोषले जाते. तेव्हा नाचणी, दूध, कडधान्ये आणि दुसऱ्या वाफ्यातली हिरवी भाजी त्याच्या ताटात असू द्या, आणि डॉक्टरांना रक्तातील लोहही पाहायला सांगा.

राहिला प्रश्न तुकड्यांचा. जाड हातमोजे घालून माती किंचित ओली असताना ते वेचा, म्हणजे धूळ उडणार नाही, आणि बारीक चुऱ्यासाठी वाळूची चाळणी वापरा. ते दुहेरी पोत्यात भरून छपराखाली ठेवा. भंगारवाल्याला पुन्हा देऊ नका, कारण चौकटी आणि तांबे त्याने नेले आहे, उरलेल्याला त्याच्याकडे किंमत नाही, आणि तो ते कुणाच्या तरी दुसऱ्या बांधावर टाकील. केंद्र सरकारचे 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले असून सौर प्लेटा त्यांत समाविष्ट आहेत, आणि 2034-35 सालापर्यंत निर्माण होणारा हा कचरा साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. पंप सरकारी योजनेतला असेल तर त्याला सहसा पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमाही असतो. पंपाबरोबर मिळालेल्या कागदांवर पुरवठादाराचे नाव आणि प्लेटांचे क्रमांक असतील. ते लिहून, तुकड्यांचे फोटो जोडून, त्या पुरवठादाराला आणि महावितरणच्या आपल्या उपविभागाला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तीन नमुन्यांचे अहवाल आले की त्यांची प्रत मला पाठवा. हळदीच्या त्या दोन सऱ्यांचे काय करायचे, ते आकडे पाहून काढणीपूर्वी कळवीन.